अनुसयाबाईंना न लागणारी गाडी

आर्वीच्या अनुसयाबाईंना गाडी लागायची. लागायची म्हणजे कशी, तर एसटी डेपोच्या फाटकाबाहेर पडली नाही तोच पिशवी तोंडाशी. लिंबू चोखून झालं, आवळासुपारी झाली, डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, कशाचाच उपयोग नाही. एकुलती लेक प्रेरणा नागपुरात दिलेली, पण दहा-बारा वर्षांत त्यांनी लेकीचं घर पाहिलं नव्हतं. नातवाचं बारसं त्यांनी फोनवर पाहिलं, आणि त्यातही बहुतेक वेळ कुणाची तरी पाठच दिसली. फोन ठेवून त्या न्हाणीत गेल्या आणि नळ सोडून रडल्या.

आता प्रेरणानं नवं घर बांधलं होतं. तिनं फोनवर सांगून टाकलं, "आई, तू नाई आली त मी वास्तूच नाई करत. राहू दे घर तसंच."

अनुसयाबाईंचे यजमान प्रभाकरराव, कापूस-सोयाबीनचे व्यापारी. पैशाला तोटा नव्हता आणि हट्टालाही नव्हता. ते म्हणाले, "जे गाडी तुले लागत नाई, तेच गाडी मी घेईन. मंग ते जर्मनीतून येवो का जपानातून!"

झालं, तुलना सुरू झाली. साधा पंखा घ्यायचा तरी प्रभाकरराव चार दुकानं पालथी घालत. इथं तर भारीतली भारी एसयूव्ही घ्यायची होती. जीपसारखी उंच, पण आतून दिवाणखान्यासारखी. जेवतानाही ते मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ पाहू लागले. स्पेअर पार्टवाला कैलास त्यांचा सल्लागार. तो म्हणाला, "भाऊ, ह्या गाडीले खाली स्प्रिंगचे पाटे-बिटे काई नाई, हवेवर चालते. पोटातलं पाणी हालत नाई."

"पाण्याचं राहू द्या," अनुसयाबाई आतून म्हणाल्या, "पोटातल्या चहाचं सांगा."

नागपूरचे शोरूमवाले गाडी दारात आणून दाखवायला तयार होते, हे एक बरं होतं. पहिली आली पांढरी. गल्ली गोळा झाली. विक्रेत्या पोरानं छत उघडून आभाळ दाखवलं, रंग बदलणारे दिवे दाखवले. प्रभाकरराव चालकाशेजारी बसले, अनुसयाबाई मागे. या घरात सासऱ्यांच्या जीपपासून तीच रीत होती. पुढची जागा घरच्या पुरुषाची, बाया मागे. हे कुणी कधी ठरवलं नव्हतं आणि कुणी कधी विचारलंही नव्हतं. नव्या कातड्याचा वास, त्यावर अत्तराचा वास. बाजार समितीच्या अलीकडेच गाडी थांबवावी लागली. पोराचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

दुसरी निळी. ती इतकी मऊ चालायची की खड्डा कळायचा नाही, नुसती डोलायची. आणि डोलणं हाच तर अनुसयाबाईंचा वैरी. त्या दिवशी तर त्यांना उचलून घरात आणावं लागलं.

"ह्या गाड्यांतच दम नाई," प्रभाकररावांनी निकाल दिला.

अनुसयाबाईंना मात्र लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. रात्री त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पुरे करा आता. माह्या नशिबातच नाई नागपूर. पोरीले सांगा, माह्यासाठी थांबू नको म्हना."

प्रभाकररावांनी मोबाइलवरचा गाडीचा व्हिडिओ बंद केला. तिसरी गाडी दुसऱ्या दिवशी यायची ठरलेलीच होती, म्हणून ती आली.

ती काळी होती आणि मंजुषा नावाची शोरूममधली मुलगी स्वतः चालवत घेऊन आली होती. पाहुणीला उपाशी कसं फिरवायचं, म्हणून आधी बेसनाच्या पाटोडीचा रस्सा-भाकरी झाली. मग अनुसयाबाई हातात पिशवी घेऊन फाशी जाणाऱ्यासारख्या मागच्या दाराकडे निघाल्या.

"काकू, पुढे बसा ना," मंजुषा म्हणाली. "मागे बसून तर मलापण मळमळते."

प्रभाकररावांचा हात पुढच्या दारावरच होता. सगळी गल्ली बघत होती. ते क्षणभर घुटमळले, मग त्यांनी दार उघडलं. "बस वं," म्हणाले आणि स्वतः मागे जाऊन बसले. संसारात पहिल्यांदा.

तळेगावपर्यंत गाडी गेली. मळमळलं, घाम फुटला, पण पिशवी घडीचीच राहिली. मागून प्रभाकरराव ओरडले, "जमलं! हेच घ्याची!"

"थांबा जरा." अनुसयाबाई मंजुषाच्या हातांकडे बघत होत्या. "केळझरले माहेरी मी माह्या बापाची बैलबंडी हाकत होती. रस्ता कसाबी असो, कधी मळमळलं नाई. कासरा आपल्या हाती असला का पोटाले आधीच समजते, आता वळाचं हाय म्हून. नुसतं पुढं बसून अर्धं थांबलं. हातात घेतली त पुरं थांबन."

"म्हंजे?"

"म्हंजे गाडी मी चालवीन."

मंजुषा टाळी वाजवून हसली. "बरोबर आहे काका! चालवणाऱ्याला गाडी लागत नाही."

अठ्ठावन्नाव्या वर्षी अनुसयाबाई ड्रायव्हिंग क्लासला जाऊ लागल्या. गल्लीला पुन्हा करमणूक मिळाली. एकदा त्यांनी गाडी कैलासच्या दुकानाच्या पायरीवर चढवली. पण पहिल्या दिवसापासून त्यांना मळमळलं नाही म्हणजे नाही. लायसन हातात आलं तेव्हा गल्लीतल्या त्याच बायांना त्यांनी स्वतः पेढे वाटले.

मग तुलना पहिल्यापासून सुरू झाली, पण आता स्टिअरिंगमागे बसून. पांढरीत वळणावरचा रस्ता पुढच्या काचेच्या कडेच्या खांबाआड जायचा. काळीत साडी नेसून ब्रेकवर पाय नीट पोचेना. निळीत मात्र सीट हवी तेवढी वर यायची आणि बोनेटचं टोक दिसायचं.

"निळी," त्या म्हणाल्या.

"अवं, ह्याच गाडीत तुले उचलून आनलं होतं!"

"तवा गाडी खराब नोहती. जागा खराब होती."

वास्तूच्या दिवशी नागपुरात प्रेरणा फाटकात उभी होती. आई येणार एवढंच बाबांनी सांगितलं होतं. कशी येणार, किती हाल होतील, या काळजीनं तिचा जीव टांगणीला लागला होता. निळी गाडी येऊन थांबली. तिनं पाण्याचा तांब्या घेऊन धावत जाऊन मागचं दार उघडलं. आत अहेराच्या पिशव्या होत्या आणि त्यांच्यात दाटीवाटीनं बसलेले बाबा.

"बाबा, आई कुठं हाय?" तिला रडूच फुटलं. "नाई आली ना?"

"अवं, इकडं पाय," पुढून स्टिअरिंगमागून आवाज आला. "रडते काऊन? गाडी कुठं लावू, ते सांग पहिले."