चर्चमध्ये राहिलेला बाळकृष्ण

देवाचं इतकं करून माणसाला काय मिळतं, हा प्रश्न मला त्या उन्हाळ्यात उठता-बसता पडत होता. माझे सासरे वर्षभर अंथरुणाला खिळले आणि गेले. सासूबाईंनी, आम्ही त्यांना आईच म्हणतो, त्या वर्षात एकदाही जप चुकवला नाही, आणि तरी व्हायचं ते झालंच. मग माझा नवरा मंदार त्यांना पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे, हॉलंडमधल्या हूफडॉर्पला घेऊन आला. मला वाटलं होतं, आई रडतील, चिडतील, निदान देवाला चार शब्द सुनावतील. कसलं काय. त्या विमानातून उतरल्या त्या हातात डबा घेऊनच. डब्यात तांदूळ आणि तांदळात त्यांचा चांदीचा रांगता बाळकृष्ण, अंगठ्याएवढा, लग्नात त्यांच्या आईने दिलेला. प्रवासात देव उपाशी राहू नये म्हणून तो तांदळात ठेवायचा, ही त्यांच्याकडची रीत. आमच्याशी त्या जेवढ्यास तेवढं बोलायच्या आणि त्याच्याशी मात्र सकाळपासून गप्पा. पाणी कोमट केलंय हो, आज फार वारं सुटलंय, टोपडं घालू का. त्याला नैवेद्य दाखवल्याशिवाय पाण्याखेरीज काही तोंडात घालायच्या नाहीत, मग शुगर कितीही खाली जावो. मी कानाला हेडफोन लावून ऑफिसची मीटिंग ऐकतेय आणि समोर आई देवाला दूध-साखर भरवतायत, हे रोज पाहून माझा जीव नुसता वैतागून जायचा.

त्यात मंदारने इटलीचं काढलं. आईंना बदल हवा, असं त्याचं म्हणणं. बदल खरं म्हणजे त्यालाच हवा होता. या माणसाला पडक्या भिंतींचं वेड आहे. विमानाने गेलो असतो तर दोन-अडीच तासांत पोचलो असतो, पण नाही, आपली गाडी हवी, म्हणजे म्हणे वाटेल तिथे थांबता येतं. वाटेल तिथे म्हणजे जिथे दगड दिसेल तिथे. आम्ही एका डोंगरावरच्या गावाजवळ घर भाड्याने घेतलं होतं. तिथे प्रत्येक टेकडीवर एक गाव, प्रत्येक गावात माणसांपेक्षा चर्च जास्त, आणि चर्च नसेल तिथे रोमन लोकांची स्नानगृहं, नाहीतर त्यांच्याही आधीच्या कुणाच्या तरी थडग्यांच्या गुहा. रणरणत्या उन्हात मंदार पुढे पळतोय, मी पाण्याच्या बाटल्या वागवतेय, आणि मागून आई, सुती साडी आणि पायात माझे जुने स्पोर्ट शूज. देऊळ म्हटल्यावर पायताण बाहेर, हे आईंचं पक्कं. त्यामुळे प्रत्येक चर्चच्या दारात मी खाली बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायच्या आणि बाहेर आल्यावर पुन्हा बांधायच्या. "आई, इथे बूट घालून गेलेलं चालतं हो," असं मी सांगून पाहिलं. "त्यांना चालत असेल," त्या म्हणाल्या. विषय संपला.

शेवटून दुसऱ्या दिवशी आम्ही अशी किती चर्चं पाहिली, ते मंदारलाच माहीत. संध्याकाळी घरी आलो, मी खिचडी टाकली, आईंनी हातपाय धुऊन वाटीत दूध-साखर घेतली आणि डबा उघडला. बराच वेळ काही आवाज येईना म्हणून मी वळून पाहिलं. त्या तांदळात बोटं फिरवत होत्या. मग सगळे तांदूळ ताटात ओतले आणि दाणे बाजूला सारत बसल्या. ताटात नुसते तांदूळच होते.

झालं होतं ते असं. एका गावात आईंना टॉयलेटला जायचं होतं. एरवी त्या जाताना पर्स माझ्याकडे देतात, कारण देव घेऊन टॉयलेटमध्ये कसं जायचं. पण त्या वेळी मी बाहेर उन्हात उभी राहून ऑफिसचा फोन घेत होते, सुट्टीतसुद्धा लोकांना माझ्यावाचून करमत नाही, आणि मंदार गावाबाहेरच्या पडक्या नाट्यगृहाचे फोटो काढत होता. पर्समध्ये पासपोर्ट आणि गोळ्या, त्यामुळे ती कुठे ठेवायची सोय नव्हती. म्हणून आईंनी काय करावं, तर बाळकृष्णालाच पर्समधल्या डब्यातून बाहेर काढलं. "तिथल्या चर्चमध्ये एक लाकडाची आई बसली होती," त्या म्हणाल्या. "हात असे पुढे धरलेले, पण मांडीवर मूल नाही. पूर्वी असणार, पडलं असेल. म्हटलं, बाई, घटकाभर बघ याच्याकडे, आलेच मी." आणि त्या परत आल्या तेव्हा मंदार गाडीत बसून हॉर्न वाजवत होता, पुढची गुहा बंद होईल म्हणून. मीही फोन संपवून त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं. सगळे घाईत. देव तिथेच राहिला.

मी कपाळावर हात मारून घेतला. मंदारला म्हटलं, तुझ्या त्या गुहा घाल चुलीत. मंदार म्हणाला, फोन तू घेत होतीस. आमचं व्यवस्थित वाजलं. आई रडल्या नाहीत. फक्त जेवल्या नाहीत. "त्याला दाखवल्याशिवाय कसं गं," एवढंच म्हणाल्या आणि पाणी पिऊन पडल्या. दुसऱ्या दिवशी परत निघायचं होतं, आणि उपाशी पोटी गोळी देता येत नव्हती. मला त्या क्षणी देवाचा इतका राग आला होता की काय सांगू. या बाईचा नवरा नेलास तो नेलास, एक अंगठ्याएवढी मूर्ती तेवढी उरली होती, तीही तुला बघवली नाही का, असं मी मनातल्या मनात त्याला विचारलं. त्याच्याशी माझं एवढं सविस्तर बोलणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

आता नेमकं कुठलं गाव, हा प्रश्न होता. मंदारने फोटो काढले होते, पण दगडांचे. लाकडी आई एकाही फोटोत नव्हती. शेवटी मीच म्हटलं, अरे, इतक्या गावांत टॉयलेट होतं ते एकाच ठिकाणी, त्या निळ्या दाराच्या कॉफीच्या दुकानात. तिथलंच चर्च. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं प्राचीन देऊळ टॉयलेटवरून ओळखलं.

सकाळी सामान गाडीत टाकून आम्ही त्या गावात पोचलो तर चर्चला कुलूप. कॉफीवाल्याने हातवारे करून समोरचं घर दाखवलं, किल्ली तिथे. दार एका सत्तरीच्या बाईंनी उघडलं. डोळे सुजलेले, चेहरा त्रासलेला, बहुधा रात्रभर झोपल्या नसाव्यात. मंदारने फोनवरच्या भाषांतराला कामाला लावलं आणि त्या यंत्राने त्यांना काय सांगितलं देव जाणे, त्या दार लावूनच घेत होत्या. तेवढ्यात त्यांची नजर आमच्या गाडीच्या पिवळ्या डच नंबर प्लेटवर गेली. त्यांनी चक्क डचमध्ये विचारलं, "हॉलंडहून आलात?" मी उडालेच. बाईंचं नाव रोझा. नवऱ्याबरोबर त्यांनी हॉलंडमध्ये फोरबर्गला कितीतरी वर्षं आइस्क्रीमचं दुकान चालवलं होतं, म्हातारपणी गावी परत आल्या होत्या. माझं डच परीक्षेपुरतं घोकलेलं, त्यांचं आइस्क्रीम विकण्यापुरतं. पण त्या सकाळी तेवढं पुरलं. मी म्हटलं, काल माझ्या सासूबाई तुमच्या चर्चमध्ये एक लहान मूल विसरल्या. चांदीचं. रोझाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग किल्ली घेऊन निघाल्या.

मी दारात खाली बसून आईंच्या नाड्या सोडल्या. आत थंड, ओलसर अंधार होता. कोपऱ्यात ती लाकडी आई बसली होती, चेहऱ्याचा रंग उडालेला, आणि तिच्या मांडीवर आमचा बाळकृष्ण. त्याच्याखाली विणलेला पांढरा रुमाल होता, शेजारी तुळशीसारखीच दिसणारी त्यांच्याकडची तुळस, आणि पुढे मेणबत्ती जळून संपलेली. आई त्याच्याजवळ गेल्या आणि "आहेस ना रे," म्हणाल्या.

मग रोझाबाईंनी जे सांगितलं ते मी आईंना मराठीत सांगत गेले. त्यांच्या मुलीला दिवस पुरे व्हायच्या कितीतरी आधी मुलगा झाला होता. शहरातल्या हॉस्पिटलमध्ये काचेच्या पेटीत होता. नाव लूका. डॉक्टर काही धड सांगत नव्हते. आदल्या संध्याकाळी त्या चर्चला कुलूप लावायला आल्या त्या प्रार्थनेसाठी नव्हे, भांडायला. तुझी किल्ली इतकी वर्षं सांभाळली, फरशी पुसली, फुलं ठेवली, आणि तू माझ्या मुलीचं हे केलंस, आता ही किल्ली घे आणि तुझं तू बघ, असं त्या त्या लाकडी आईला म्हणायला आल्या होत्या. आणि बघतात तर तिच्या मांडीवर मूल. त्यांच्या आजीच्या काळापासून ती मांडी रिकामी होती. आणि मूल नुसतं बसलेलं नाही, रांगतंय. तिकडे नवस फेडायला चांदीची बाळं वाहतात, पण असं रांगतं, हातात लोण्याचा गोळा घेतलेलं बाळ त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी घरून रुमाल आणला, मेणबत्ती लावली आणि तिथेच बसून राहिल्या. एवढं सांगून त्यांनी डोळे पुसले, बाळकृष्ण रुमालासकट उचलला आणि दोन्ही हातांनी आईंच्या ओंजळीत ठेवला. "तुमचा आहे. घ्या," म्हणाल्या. एका शब्दानेही हट्ट केला नाही.

मला वाटलं, सुटलो. मंदारने तर घड्याळ बघायला सुरुवात केली. आईंनी मला रोझाबाईंकडून वाटीभर दूध मागायला लावलं. तिथेच, त्या चर्चमध्ये, नैवेद्य दाखवला, डोळे मिटून बराच वेळ उभ्या राहिल्या. आणि मग तो परत त्या लाकडी मांडीवर नेऊन ठेवला.

"आई, अगं हे काय? लग्नातला आहे तो तुझ्या," मंदार म्हणाला.

"मग? इतकी वर्षं मी त्याला उठवलं, न्हाऊ घातलं, भरवलं. आता थोडं कामही करू दे की त्याला." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सांग तिला, दूध-साखर लागते सकाळी. आणि थंडीत अंगावर काहीतरी घालायचं."

माझा संताप अनावर झाला होता. रात्रभर उपाशी राहायचं, आम्हाला एकमेकांशी भांडायला लावायचं, आणि मिळाल्यावर देऊन टाकायचं. पण आईंचं वाक्य डचमध्ये सांगायला मी तोंड उघडलं, तर त्याची गरजच उरली नव्हती. रोझाबाईंना न सांगताच कळलं होतं. त्यांनी आईंना मिठी मारली, आणि सासरे गेल्यापासून कुणासमोर न रडलेल्या आमच्या आई, आपल्या भाषेतला एक शब्दही न कळणाऱ्या त्या बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडल्या. नंतर रोझाबाईंच्या स्वयंपाकघरात पाव आणि टोमॅटो पोटभर खाल्ले. मंदारच्या घड्याळाकडे कुणी पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात एकच घोळत राहिलं. असे अनुभव मी ऐकले आहेत, त्यांत संकटात कुणीतरी अनोळखी माणूस येतो, वेळेवर खूण पटते. इथे आमच्या वाट्याला फक्त वैताग आला. मग हळूहळू लक्षात आलं की गोष्ट आमची नव्हतीच, रोझाबाईंची होती, आणि त्यातली अनोळखी माणसं आम्ही होतो. माझा ऑफिसचा फोन, मंदारचा हॉर्न, आईंचं विसरणं, त्या एका मांडीवर मूल पोचवायला हे सगळं लागलं होतं. हे त्याला सरळ करता आलं नसतं का, असं अजूनही वाटतं. पण त्याने आम्हाला या कामी घेतलं, याबद्दल कृतज्ञही वाटतं, आणि हे लिहिताना मला संकोच वाटत नाही.

रोझाबाईंचा नंबर माझ्याकडे आहे. एखादं पार्सल मागवलं तर ते कुठवर आलं हे दिवसातून चारदा बघणारी मी. गाडीतच फोन लावणार होते, तर आईंनी मागच्या सीटवरून हटकलं. "विचारायचं नाही हं. हवाली केलं ना एकदा? मग मागे मागे फिरायचं नाही." त्या पुढे पुण्याला गेल्या, इथे असेपर्यंत माझ्याशी भरपूर बोलून गेल्या. लूकाचं काय झालं, ते मला आजही माहीत नाही. मी विचारलेलं नाही. रोज सकाळी दाराबाहेर पडताना पायात बूट घातलेले असतात, ते काढते, इटलीच्या बाजूच्या भिंतीकडे तोंड करून हात जोडते आणि "रांग रे बाबा," एवढंच म्हणते. त्यापायी माझी ऑफिसची बस रोज चुकते.