माळकऱ्याचा कोंबडा

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते आणि जळकोटच्या शिवारात सकाळी धुकं उतरायला लागलं होतं. फुललेल्या तुरी दिसत नव्हत्या, नुसता त्यांचा वास येत होता. बेगमबीनं डोक्यावरून शाल घेतली, खुराड्याच्या तोंडावरची फरशी बाजूला सारली आणि म्हणाली, "चला पोरींनो, निघा."

सात तलंगा एकामागं एक बाहेर आल्या. नुकत्याच अंड्यावर आलेल्या कोंबड्या, अजून अंगानं पोरसवदा. बेगमबीनं ज्वारीच्या कण्या फेकल्या, परळात पाणी ओतलं आणि खुराड्यात हात घालून तीन अंडी काढली. ताजी, अजून कोमट. तरी तिचं तोंड उतरलेलंच राहिलं. अंडी खायच्या कामाची होती, उबवायच्या नाही. अंगणात कोंबडाच नव्हता.

बेगमबी मणियारीण. नवऱ्यामागं बांगड्यांची पेटी तिच्या डोक्यावर आली, ती साठी उलटली तरी उतरली नाही. आसपासच्या दहा गावांतल्या बायकांची मनगटं तिला पाठ होती. आणि कोंबड्या तिच्या अम्मीच्या. लग्नात अम्मीनं एक कोंबडी पदरात दिली होती, तिचीच ही वीण. मागल्या उन्हाळ्यात कोंबड्यांवर मानमोडीचा रोग आला आणि तीन दिवसांत अख्खं खुराडं रिकामं झालं. एक कोंबडी तेवढी मागच्या खोलीत अंड्यांवर बसलेली, म्हणून वाचली. तिनं ह्या सात तलंगा दिल्या, दोन कोंबडे दिले, आणि पावसाळ्यात तीही गेली.

ते दोन कोंबडे बेगमबीनंच घालवले. पहिला, पुतण्या यासेर भेटायला आला तेव्हा. दुसरा बिलोलीहून जावई नबील आला तेव्हा. "अम्मी, हा एक तरी ठेव," लेक जेबा म्हणाली होती. "मग जमाईला काय वरण वाढू?" असं म्हणून बेगमबीनं मसाला वाटायला घेतला. पाहुण्याच्या ताटात कोंबडा नाही, असं तिच्या घरात कधी घडलंच नव्हतं.

पुढं एक तलंग खुडूक बसली. शेजारचा एखादा कोंबडा फिरकला असेल, ह्या आशेवर बेगमबीनं तिच्याखाली अकरा अंडी ठेवली. तेविसाव्या दिवशी एकेक फोडून बघितली. एकातही जीव नव्हता.

त्या धुक्याच्या सकाळी पेटी घेऊन ती शेजारच्या गावी किशनरावांच्या घरी गेली. त्यांची सून दीपमाला बाळंत झाली होती, बारशाच्या बांगड्या भरायच्या होत्या. सासू केवळाबाई जवळ बसली. बेगमबीनं डझनावर रीतीप्रमाणं वरची एक भरली, आणि तेवढ्यात ओट्यावर एक तांबडा, भरघोस शेपटीचा कोंबडा येऊन उभा राहिला.

"एवढा झाला तरी ठिवलाय व्हय ह्येला?" बेगमबीनं विचारलं.

"कोण खाईल बी आता?" केवळाबाई म्हणाली. "ह्या पोरीच्या बाळंतपणाच्या नवसाचा ह्यो. अन् दिवाळीत मालकांनी माळ घातली. देवीला नारळ फोडला, ह्यो राहिला तसाच. इकावा तर सुरीखालीच जातो. ठिवावा तर पहाटं मालक भजनाला बसले की ह्यो वरचा सूर लावून राहिला."

आतून किशनराव आले. "बी, तुमीच न्या ह्येला. पैसे नगंत. फकस्त गळ्याला सुरी लावू नका."

किशनराव हसले, "तुमच्या पाहुणचाराचं नाव हितवर हाय, म्हणून आधीच बोललो."

"जबान दिली, भाऊ," ती म्हणाली.

डोक्यावर पेटी, काखेत कोंबडा, अशी ती घरी आली. मानमोडी आठवून तिनं त्याला पंधरा दिवस न्हाणीमागं वेगळा बांधला. मग अंगणाच्या मधोमध डालग्याखाली ठेवला, म्हणजे टोपलीच्या फटीतून एकमेकांना बघतील. तलंगा बाजेखाली जाऊन बसल्या. दोन दिवस अंडंच नाही. शेजारची लक्ष्मम्मा भिंतीवरून म्हणाली, "पोरींच्या शाळेत पैलवान आणला की वं, बी."

सोडला तर तो खरंच पैलवानासारखा धावला. एकीच्या पाठीची पिसं उपटली. बेगमबीनं त्याला पकडून मांडीत दाबला आणि बांगडीचा खरखरीत सांधा घासायच्या कानशीनं त्याच्या पायाच्या काट्यांची टोकं बोथट केली. "मनगट न्हाई म्हणून काय झालं," ती पुटपुटली, "हात हलवू नको."

आणखी आठ दिवस गेले. एका दुपारी उकिरडा उकरता उकरता कोंबड्याला गांडूळ सापडलं. त्यानं ते चोचीत धरलं, खाली टाकलं, आणि कुक् कुक् करत नुसता उभा राहिला. बाजेखालून एक तलंग आली. मग दुसरी. गांडूळ त्यांनी खाल्लं, तो बघत राहिला. बेगमबी पदर तोंडाला लावून उंबऱ्यात बसली.

महिन्याभरानं एक तलंग पुन्हा खुडूक झाली. खाली नऊ अंडी. बाराव्या दिवशी, न सांगता, जेबा आणि नबील दारात.

"अम्मी, कोंबडा झ्याक हाय," नबील चपला काढता काढता म्हणाला.

बेगमबीचे पाय तिथंच थांबले. बाजारातली पांढरी कोंबडी तिनं जावयाला कधी वाढली नव्हती. ती आत गेली, त्या दिवसाची पाच अंडी उकडली आणि त्यांचं रस्सेदार सालन केलं. ताट ठेवताना मान वर केली नाही. "माफ करा जमाईबाबा. त्या कोंबड्याची मी जबान दिलीया."

नबीलनं पहिला घास घेतला, मग दुसरा. म्हणाला, "अम्मी, खरं सांगू? मला अंड्याचंच सालन आवडतं. जेबाला विचारा."

"चार वर्सं सांगून राहिलेत मला," जेबा म्हणाली, "तुझ्यापुढं तोंड उघडंना."

"मग ते कोंबडे?"

"तुम्ही वाढत गेलात, मी खात गेलो."

बेगमबी आधी रागानं बघत राहिली, मग तिला हसू आवरेना.

नऊ अंड्यांतून सात पिल्लं निघाली. बाजाराच्या दिवशी किशनराव बघायला आले. तुळशीच्या माळेवर हात ठेवून अंगणात उकिडवे बसले. एक काळसर पिल्लू त्यांच्या धोतराच्या सोग्यावर चढलं, त्यांनी हलू दिला नाही सोगा.

"माझ्या अम्मीचा रंग हाय त्याला," बेगमबी म्हणाली. "म्हणजे अम्मीच्या कोंबडीचा. भाऊ, तुमचं भलं व्हावं."

"माझं कसलं, बी. घरी पहाटं आता लई सुनं वाटून राहिलंय."

चहा झाला. ते गेले. बेगमबीनं बशा विसळल्या, कोपऱ्यातला खराटा उचलला आणि खुराड्यातली घाण पाटीत ओढायला लागली.