निशिगंधाची तिसरी गैरहजेरी

कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि दार वाजलं. सव्वासात. या वेळी आमच्याकडे कुणी येत नाही. दूधवालासुद्धा सहालाच पिशवी कडीला अडकवून जातो. उघडलं तर खालच्या मजल्यावरची निशिगंधा. गणवेश, पांढरे बूट, दोन्ही हातांत चंदेरी झिरमिळ्यांचे गोंडे आणि नाक लाल.

"काकू, माझ्याबरोबर शाळेत येता का? सर म्हणाले, घरातलं मोठं माणूस आण."

"आई कुठाय?"

"झोपलीय. रात्री दीडला आली. तिला नका ना उठवू."

मोनिका, म्हणजे निशिगंधाची आई, चाकणला वायरिंगच्या कंपनीत आहे. या आठवड्यात तिची सेकंड शिफ्ट. वडील जयसिंग कंटेनर चालवतात. आठवड्यातून एकदा दिसले तरी खूप. मी गॅस बंद केला, ओढणी घेतली आणि निघाले.

जूनमध्ये शाळेनं चीअर पथक काढलं. आंतरशालेय कबड्डीत आपल्या संघासाठी ओरडायला, नाचायला नववीच्या बारा मुली. मोनिका तेव्हा म्हणाली होती, "मला काय कळतंय ओ ताई त्यातलं, पोरगी हसायली म्हणून सही केली." ती मूळची लातूरकडची.

नाच असेल असं निशिगंधाला वाटलेलं. पहिले तीन आठवडे नुसत्या बैठका आणि भिंतीला टेकून उभं राहणं. शिकवणारे रंगराव सर खेळाचे शिक्षक. त्यांनी आयुष्यभर लेझीम बसवलं, चीअर ते मोबाइलवर बघून शिकले. एक ते आठ मोजायचं असतं, पण सरांची शिट्टी अजून लेझमीच्याच ठेक्यात वाजते. निशिगंधाचे खांदे रुंद, म्हणून तिला मनोऱ्यात खाली घातलं. तिच्या खांद्यावर पथकातलीच इरा उभी राहते. खालचीनं वर बघायचं नाही, हलायचं नाही, पोटातून ओरडायचं आणि सगळा वेळ हसायचं. वरची डगमगली की बोलणी खालचीला. खांद्यावर निळे डाग पडले तेव्हा आंबेहळद मीच उगाळून लावली.

"काकू, फोटोत माझे फक्त हात येतात."

"मग सोडून दे की."

"मी सोडलं तर इरा कुणावर चढेल?"

हे तिनं इतकं सरळ विचारलं की मी पुन्हा आंबेहळद उगाळायला घेतली.

खरा वैताग वेगळाच होता. मैदान सकाळी एका क्रिकेट क्लासलाही दिलंय, त्यामुळे सरावाची वेळ रोज बदलते. दुपारीच ती ठरते, पण ऑफिस सगळ्या सूचना संध्याकाळी सातला एकदम ग्रुपवर टाकतं. त्या वेळी मोनिका कंपनीत लाइनवर कामाला असते आणि तिचा फोन गेटवर जमा. रात्री ती येते तेव्हा निशिगंधा झोपलेली, आणि सकाळी फोनसाठी ती आईला उठवत नाही. काल सूचना आली, उद्या सराव सव्वासहाला. आज निशिगंधा पोचली सातला. तिसऱ्यांदा. उशीर झाला तरी गैरहजेरीच, तीन झाल्या की पथकातून नाव कमी, आणि सामना या शनिवारी.

मैदानावर मुली पाणी पीत होत्या. रंगराव सरांनी मला बघून हजेरीची वहीच उघडली.

"ताई, ग्रुपवर टाकलं होतं. नियम सगळ्यांना सारखा."

"सर, सातला तिच्या आईकडे फोनच नसतो. माझा नंबर घाला ना ग्रुपवर."

"एका मुलीमागे एकच नंबर, तोही पालकाचाच. ऑफिसचं असं आहे, मी काय करू?"

"मग मुलीनं काय करायचं?"

"मैत्रिणींना विचारायचं! एवढंही जमत नाही?"

"विचारलं होतं सर," निशिगंधा म्हणाली. "इराच्या आई म्हणाल्या, रोज रोज फोन करू नकोस."

इरा बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधायला लागली. माझ्या डोक्यात अशी सणक गेली! रंगराव सर वाईट माणूस नाहीत, इराची आईही नसेल. प्रत्येकाकडे आपापला नियम होता आणि प्रत्येक नियम या एका पोरीच्या खांद्यावर उभा.

"आणि आज ही इरा दुसरीवर चढायलाच तयार नाही," सर वैतागून म्हणाले. "एक मुलगी उशिरा येते, दुसरी ऐकत नाही. शनिवारी मी काय शिट्टी वाजवत उभा राहू?"

"सर, मी तिच्यावर नाही चढणार," इरा नाड्यांकडे बघतच म्हणाली. "ती हलते. निशी हलत नाही."

सरांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. नाव अजून खोडलं नव्हतं.

मी बोलायला तोंड उघडलं, पण निशिगंधानं माझी ओढणी हळूच ओढली. गोंडे तिनं काखेत धरले होते, आवाज मात्र पोटातून काढला.

"सर, मला ग्रुप नको. शाळा सुटताना उद्याची वेळ मला तोंडानं सांगत जा."