भोईरकाकांच्या पडवीतला घाट

श्री. बाळकृष्ण भोईर यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहायला बसताना प्रथम एक तक्रार नोंदवणे मी माझे कर्तव्य समजतो. नाताळच्या दिवसांत भोईरकाकांच्या घरी पाहुण्याला चहा वेळेवर मिळत नाही. पाहुणा येतो, चपला काढतो, काकू आधण ठेवतात. पण पडवीतली छोटी आगगाडी घाट चढून खंडाळ्याला पोचेपर्यंत कप काही बाहेर येत नाही. अतिथीची एवढी उपेक्षा मी अन्यत्र पाहिलेली नाही, आणि संस्कृत शिकलेल्या माणसाला ती जरा जास्तच लागते.

यंदा मात्र ही तक्रार मागे घ्यायला मी तयार आहे. काकांचा उजवा हात गेल्या वर्षापासून थरथरतो. येत्या नाताळात गाडी मांडली जाईल की नाही, हे आम्हा कुणालाच ठाऊक नाही.

आमची पहिली ओळखही चहाविनाच झाली. मी खोपोलीहून वृत्तपत्राला बातम्या पाठवतो. भिवपुरीच्या वीजघरात नोकरीला असलेले एक गृहस्थ दर नाताळात घरात रेल्वे उभारतात, असे कानावर आले म्हणून गेलो. पडवीभर फळ्या, त्यांवर प्लास्टरचे डोंगर, बोगदे, रूळ. गाडी कर्जत स्थानकात येऊन थांबली ती थांबलीच. थोडा वेळ वाट पाहून मी विचारले, "बिघडली का?"

"बिघडंल कशाला? बँकर लागतायत. गप बसा जरा, पंडित."

संस्कृतात एम. ए. केल्याचे मी दारातच सांगून बसलो होतो. त्याची शिक्षा म्हणून हे नाव मला कायमचे चिकटले.

बँकर म्हणजे घाट चढताना गाडीला मागून रेटणारी जादा इंजिने. खऱ्या कर्जतला ती जोडतात, म्हणून पडवीतल्या कर्जतलाही जोडायचीच, हा काकांचा नियम. साजगावच्या एका कारखान्यातले इंजिनिअर एकदा हसून म्हणाले, "काका, तुमची मोटर दणकट आहे. गाडी एकटी चढेल की." काका शांतपणे म्हणाले, "चढंल. पन कर्जतवरनं तशी जात नाय." वीजघरातही त्यांचा हाच खाक्या होता, असे त्यांचे जुने सहकारी सांगतात. साहेब कितीही घाई करोत, तपासणी क्रमाने पुरी झाल्याशिवाय काकांनी बटणाला हात लावला नाही. साहेब चिडत, आणि रजेवर जाताना यंत्रे काकांवर सोपवून निर्धास्त जात.

या नियमाचा उगम एका घोटाळ्यात आहे. काकांचे वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे हातकामाचे कामगार होते आणि बालपण कर्जतच्या रेल्वे चाळीत गेले. शेजारी फर्नांडिस नावाचे ड्रायव्हर राहत. नाताळात ते येशूच्या जन्माचा देखावा मांडत आणि त्याभोवती चावीची आगगाडी फिरवत. गाडीला वाटेत पेंढ्याचे एक टेकाड लागे. मागे बँकर नसताना ती टेकाड चढते, हे लहानग्या बाळकृष्णांना मुळीच पटेना. त्यांनी घरून पावडरचा रिकामा डबा आणला, गाडीच्या शेपटाला लावला आणि रेटला. गाडी रूळ सोडून थेट देखाव्यातल्या गोठ्यात घुसली. मेंढपाळ आडवा, मेंढ्या आडव्या.

वडिलांनी कान पिळला. फर्नांडिससाहेबांनी तो सोडवला. "छोड रे भोईर! पोरगा बरोबर बोलतो. कर्जतला राहतो आणि बँकर विसरतो, मीच गाढव." पुढच्या नाताळापासून तो डबा गाडीमागे रीतसर लागू लागला. साहेब निवृत्त होऊन वसईला गेले तेव्हा गाडी काकांच्या हातात ठेवून गेले. पुढे तिच्याभोवती अख्खा घाट वाढला. गोठाही तिथेच असतो, आणि काकू त्याला न चुकता हळदकुंकू वाहतात.

नाताळच्या सुट्टीत आसपासच्या शाळांची मुले घाट पाहायला येतात. एका वर्षी घाटातल्या ठाकुरवाडीची एक मुलगी बराच वेळ फळीला नाक लावून उभी होती. मग म्हणाली, "काका, गाडी थांबते हितं, पन आमचं घर कुठं हाय?" काकांनी वाकून पाहिले. स्थानक होते, सिग्नल होता, वस्ती नव्हती. "चुकलं गं माझं," ते म्हणाले. मग सुट्टीचा एक दिवस मोडून ते ठाकुरवाडीला गेले आणि घरे पाहून आले. पुढच्या नाताळात तिथे वाडी होती. मुलीने आपले घर बोटाने दाखवले आणि वर सुनावले, "आमची शेळी नाय काढली." शेळी त्याच संध्याकाळी झाली.

गेल्या नाताळात काका बँकर रुळावर बसवू लागले, तेव्हा चाके बसेचनात. आम्ही सगळे छताकडे पाहू लागलो. काकू म्हणाल्या, "द्या हिकडं, पंडित बसवतील."

"पंडित? त्यांना चष्मा सापडत नाय सोताचा!"

सगळे हसलो. शेवटी बँकर काकांनीच बसवला, डाव्या हाताने उजवा धरून. त्यानंतर गावातल्या डॉक्टरांनी पनवेलच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायला सांगितले. काका म्हणाले, भाताची लावणी होऊ दे. मग कापणी आली. आता हा सत्कार आहे. हे सारे लिहू का, असे मी त्यांना विचारले. "लिवा," म्हणाले, "पन घाटाबद्दल जास्त लिवा." शक्य तितके लिहिले आहे.

काकांना शंभर वर्षे लाभोत, पाय, डोळे आणि भूक अशीच राहोत, ही आपणा सर्वांच्या वतीने प्रार्थना. गाडी धावली नाही तर मला वाईट वाटेल, पण माझी काळजी ती नाही. काका पनवेलला जात नाहीत ते आळसाने नव्हे. डॉक्टर काय सांगतील ते त्यांनी मनाशी ओळखले आहे, असे मला वाटते. परवा त्यांच्याकडे जेवायला होतो. ताकाची वाटी उचलताना ते आमच्याकडे पाठ करून बसले. काकूंनी पाहिले, मी पाहिले. मला भीती वाटते आहे.