आडवा बसलेला तुकडा

विश्वनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं लावत होतो. फोन ठेवला आणि उरलेली पुस्तकंही लावून टाकली. दुःखाच्या आधी मला त्याचा राग आला होता... पाच आठवडे झाले, तो अजून निवलेला नाही.

विश्वनाथ माझा शाळेपासूनचा मित्र. सोलापुरातल्या एका प्रयोगशाळेत त्याने उभी नोकरी काढली. रोग्याच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे पातळ काप काचेवर घ्यायचे, रंग देऊन डॉक्टरांपुढे ठेवायचे, हे त्याचं काम. सात रस्ता चौकात चहा पिताना त्याने एकदा मला आतडं समजावलं होतं. "अस्तरात बारीक विहिरी असतात असं समज. नव्या पेशी तळाला जन्मतात. विभागायला निघालेल्या पेशीत एक प्रथिन असतं, केआय सदुसष्ट. रंग दिला की तिथं तपकिरी ठिपका उमटतो. ठिपके तळाशी असले तर ठीक. काठापर्यंत चढले, की डॉक्टर खुर्ची पुढे ओढतात." नुसत्या ठिपक्यांवर निदान होत नाही, पण शंकेच्या वेळी ते साक्ष देतात, असंही तो म्हणाला. "फक्त तुकडा मेणात उभा बसला पाहिजे. आडवा बसला तर नुसती गोल तोंडं दिसतात. तळ कुठला, काठ कुठला, देवालाही कळायचं नाही."

त्याला स्वतःला रक्त पडू लागलं तेव्हा त्याने वर्षभर ते मूळव्याध म्हणून अंगावर काढलं. त्याची बायको, कमलवहिनी, मोहोळकडच्या. त्यांनी ताक, सुरण, इसबगोल, सगळं केलं. शेवटी दुर्बिणीने तपासणी झाली, तुकडा काढला गेला आणि तो त्याच्याच टेबलावर आला. शबाना ही त्याची बरोबरीची सहकारी. ती म्हणाली, "द्या इकडे. आपलं आपण करायचं नसतं."

"दाढी मी स्वतःच करतो."

"म्हणूनच रोज कापून येता!"

त्याने ऐकलं नाही. माणसाने सबंध शहराचे तुकडे उभे बसवले आणि स्वतःचा आडवा बसवला. डॉक्टरांनी लिहिलं, नक्की सांगता येत नाही, पुन्हा तुकडा घ्यावा. मी विचारलं तर म्हणाला, "ठिपके तळाचेच असणार. इतकी वर्षं काचा बघतोय मी." दुसरा तुकडा त्याने दिलाच नाही, आणि मी विश्वास ठेवला. शिकलेल्या माणसाला शिकलेल्या माणसाचं खोटं लवकर पटतं. आठ महिन्यांनी आतडं बंद पडलं, पोट उघडलं, तेव्हा रोग यकृतात पोहोचला होता.

गेल्या आठवड्यात शबाना ग्रंथालयात आली. डॉक्टरांनी तो जुना तुकडा पुन्हा काढायला सांगितला होता. तिने मेण वितळवून तो उभा बसवला, रंग दिला. "काठापर्यंत होते, सर. सगळीकडे. मी तेव्हाच म्हटलं होतं, उभा करून देते. तर म्हणाले, राहू दे. आणि डॉक्टरसाहेबांना सांगून आले, तुकड्यात आता कापायला काही उरलंच नाही."

हे वहिनींना सांगावं की नाही, यात माझे चार दिवस गेले. पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या एकच सांगत होत्या, मी ताक पाजत बसले, माझ्यामुळं गेले. सांगितलं नसतं तर ते ओझं त्यांनी जन्मभर वाहिलं असतं. मी गेलो आणि सगळं सांगितलं.

वहिनी म्हणाल्या, "म्हंजी लबाड बोलले."

"हो."

"भ्याले हुते, भावजी. मला म्हटले असते तर हाताला धरून नेलं असतं की. पर बायकोपुढं भ्यायचं कसं? तुमच्यापुढं तरी कुटं भ्याले?"

खिडकीजवळ त्याची वेताची खुर्ची अजून तशीच आहे. तिच्यात कुणी बसत नाही. त्या दिवशी मी मुद्दाम बसलो. तिथून स्वयंपाकघर थेट दिसतं, ओटा, ताकाची रवी, सगळं. आठ महिने तो इथे बसून वहिनींना ताक घुसळताना बघत होता...

मी काय बघतोय ते वहिनींनी ओळखलं.

"एकदाबी नगं म्हटले न्हाईत हो," त्या म्हणाल्या. "रोज पेला रिकामा करून द्यायचे."