लंगोटी आणि शालू

एकाच जुन्या संगणकावर दोन मुक्त प्रणाली बसवल्या, तर त्यांतली अधिक वेगवान कोणती? या प्रश्नावर दिगंबर आणि मी निवृत्तीपासून भांडत आलो होतो. उत्तर पक्के होण्याआधीच, गेल्या महिन्यात एका सकाळी, खरवईहून सुनंदावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे उठत नाहीयेत..."

आम्ही बदलापुरात एकाच शाळेत शिकवत असू. तो विज्ञान, मी गणित. पुढे जुन्या यंत्रांत जीव घालण्याचा नाद दोघांनाही लागला. मुक्त प्रणाली म्हणजे संगणक चालवणारी, विंडोजच्या जागी बसणारी, लिनक्सच्या घराण्यातली. कोणीही उतरवून घ्यावी, बदलावी, वाटावी अशी. त्याला मोजक्या सोयींची हलकी आवृत्ती प्रिय, मला सगळ्या साजासह येणारी. त्याने माझ्या आवडीला शालू म्हटले, तेव्हा मी त्याच्या आवडीला लंगोटी म्हणालो. ते नाव त्याने आनंदाने मिरवले. "मास्तर, तुमचा शालू नेसून होईपर्यंत माझी लंगोटी नदीवर आंघोळ करून परत आली!" असे तो फोनवर ओरडे.

तुलनेसाठी आम्ही उल्हासनगरच्या एका दुकानातून दोन सारखे जुने संगणक आणले होते. "साईं, दोनों जुडवा भाई हैं," सिंधी दुकानदार म्हणाला, आणि ‘बाकीचे घटक समान ठेवा’ असे मुलांना जन्मभर बजावणाऱ्या आम्ही दोघांनी ते मानले! लंगोटी दर वेळी इतक्या फरकाने जिंकू लागली की मला संशय आला. झाकणे उघडली. माझ्या यंत्रात जुनी, फिरत्या चकतीची हार्डडिस्क होती. त्याच्या यंत्रात बिनचकतीची, कितीतरी चपळ. दिगंबर खो-खो हसला. "म्हणजे शर्यत कपड्यांची नव्हतीच, मास्तर. पायांची होती."

मग दोन्ही प्रणाली त्याच्याच यंत्रात बसवायचे ठरले. त्याने त्या बसवल्याही. मोजमाप तेवढे राहिले...

दिवसकार्य उरकल्यावर वहिनी म्हणाल्या, "ह्यांचं यंत्र सुरू केलं की ते दर वेळी विचारतं, कुठली पाहिजे म्हणून. मला काय कळतंय त्यातलं? एक ठेवा, दुसरी काढून टाका. लेकीशी बोलता आलं म्हणजे झालं." माझा हात मात्र चालेना. प्रणाली पुन्हा बसवता येते; त्याने स्वतःच्या हाताने लावलेली घडी पुन्हा बसवता येत नाही.

आधी मोजले. लंगोटी प्रत्येक वेळी लवकर उभी राहिली. लेकीशी बोलण्यासाठी ब्राउझर उघडल्यावर मात्र दोहोंतला फरक जाणवेनासा झाला. उत्तर मिळाले, तरी चैन पडेना. सुरुवातीच्या यादीत त्याने रोमन अक्षरांत दोन्ही नावे लिहिली होती, आणि काहीच न दाबल्यास आपोआप सुरू व्हायची ती निवड होती शालूची!

"त्यात अक्षरं मोठी करून दिली होती मला," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला सांगू नको म्हणाले होते. मास्तर डोक्यावर चढून बसतील म्हणे."

ही त्याची माघार होती, की फक्त वहिनींच्या डोळ्यांची सोय? आता विचारू कोणाला? मी काहीच काढले नाही. "यादी आली की काही दाबू नका, थोडं थांबा," एवढेच वहिनींना सांगितले. त्या थांबतात. मी त्यांच्याकडे जाऊन यंत्र सुरू केले की पडद्यावर ती दोन नावे येतात, खाली सेकंद उलटे सरकतात, आणि माझे बोट दर वेळी लंगोटीकडे वळते.

माझ्या निष्कर्षावर विसंबू नका. घरी जुना संगणक असेल, तर आधी आपल्या फायली दुसरीकडे सुरक्षित ठेवा, झाकण उघडून आत काय आहे ते पाहा, मग एकाच यंत्रावर दोन्ही प्रणाली बसवून, आपले रोजचे काम करून, स्वतः तपासा.