तिसऱ्या रांगेतला आवाज

मध्यंतर सुरू होतं आणि ज्यांच्यावरून वाद पेटला होता ते मिस्टर ओकुबो लॉबीत शांतपणे कॉफी पीत होते.

मी अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या एका थिएटरची हाउस मॅनेजर. रंगमंचावर काय चाललंय ते माझं काम नाही. खुर्च्या, दारं, टॉयलेट आणि प्रेक्षकांचे रुसवे, एवढं माझं.

त्या संध्याकाळी जपानहून आलेल्या मंडळींचा काबुकीचा प्रयोग होता. दंतकथांतल्या योद्ध्यांचं जुनं नाटक, तिकडेही क्वचितच होणारं. मुख्य नट सत्तरीचे. हे नाटक आपण पुन्हा करणार नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. प्रयोगाआधी आमच्याकडची भाषणं झाली. त्यांत योद्धे कमी, स्पॉन्सर जास्त होते.

काबुकीत ऐन रंगात नट डोळे वटारून पुतळ्यासारखा थांबतो. त्या क्षणी प्रेक्षकांतला जाणकार त्याच्या घराण्याचं नाव पुकारतो. ते आमच्या कमिटीचे पाहुणे मिस्टर ओकुबो यांनी पुकारलं. तिसऱ्या रांगेतून, खणखणीत. शेजारी बसलेले मुख्य स्पॉन्सर दचकले. दुसऱ्यांदा पुकारल्यावर त्यांनी तक्रार केली आणि आमचे व्हॉलंटियर, रिटायर्ड डॉक्टर पाटणकरकाका, मिस्टर ओकुबोंना अदबीनं बाहेर घेऊन आले.

पुढच्या वेळी नट थांबला. हॉल गप्प. कोणीतरी खोकलं.

मध्यंतरात मुख्य नटांचा दुभाष्या धावत आला. "ते विचारतायत, आवाज कुठे गेला? तो नसेल तर शेवटचा प्रवेश पोकळ होईल."

माझी बॉस लिंडा म्हणाली, "तो माणूस परत ओरडला तर स्पॉन्सर उठून जातील. त्याचं काय ते तू बघ."

मी काकांना विचारलं, "काका, आपल्याकडे गाणं रंगलं की वन्स मोअर ओरडायचे ना?"

"ओरडायचे की. पण मागून. पुढे पासवाले बसायचे, ते कशाला ओरडतील?"

मी मिस्टर ओकुबोंकडे गेले. "तुम्हाला कुठे बसायला आवडलं असतं?"

"वर, अगदी मागे. पुकारणारे तिथेच असतात. तुमच्या कमिटीनं मान म्हणून पुढे बसवलं. नाही कसं म्हणणार?"

मी त्यांना बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत नेऊन बसवलं. लिंडाला फक्त सांगितलं, "त्यांना बाल्कनीत पाठवलंय, शेवटच्या रांगेत." तिनं ते स्पॉन्सरच्या कानावर घातलं. योग्य ती शिक्षा झाली, असं त्यांचं समाधान झालं.

शेवटच्या प्रवेशात जखमी योद्धा भाल्याच्या आधारानं उठला आणि मान झटकून थांबला. आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून, अंधारातून, आवाज आला. पांढऱ्या रंगाखालचा नटाचा चेहरा हलला नाही. खांदे मात्र किंचित उंचावले.

बाहेर पडताना स्पॉन्सरनी माझा हात हातात घेतला. "ते वरून येणारं रेकॉर्डिंग फारच परिणामकारक होतं."

मी थँक यू म्हटलं.

तेव्हापासून पाहुण्यांना मानाच्या खुर्चीत बसवण्याआधी मी विचारते, तुम्हाला कुठे बसायचंय. बहुतेकांना पुढेच बसायचं असतं.